सोनं धुण्याची पन्हळ

माझं खोपोलीत पत्र्याचं दुकान आहे. खालापूर तालुक्यातला पाऊस सगळ्यांना ठाऊक आहे, त्यामुळे एप्रिल-मे महिने पन्हळी करण्यातच जातात. नववीतल्या पुतणीने विज्ञान प्रदर्शनासाठी "काका, नदीतलं सोनं शोधायचं यंत्र करून द्या" म्हणून हट्ट धरला, तेव्हा मी पन्हळीचाच उरलेला तुकडा उचलला. या यंत्राला वीज लागत नाही, मोटर लागत नाही. सारा खेळ वजनाचा आहे.

गारगोटीची वाळू पाण्याच्या 2.65 पट जड, आपला सह्याद्रीचा काळा पाषाण तिपटीच्या आसपास, शिसं 11.3 पट आणि सोनं 19.3 पट. वाहतं पाणी हलकं पुढे नेतं, जड मागे राहतं. आपल्याकडे बायका रोवळीत तांदूळ रोळून खडे तळाला बसवतात, अगदी तसंच.

चार फूट लांब, नऊ इंच रुंद पन्हळ घ्यायची. तळाला जुन्या घोंगडीचा तुकडा अंथरायचा, त्यावर दर तीन इंचांवर अर्धा इंच उंचीची आडवी पट्टी बसवायची. पट्ट्या आणि घोंगडी साफसफाईसाठी सुट्या काढता आल्या पाहिजेत, म्हणून पट्ट्यांची रिव्हेट मारून वेगळी शिडी केलेली बरी. उतार फुटाला एक इंच. जास्त दिलात तर सोनंसुद्धा वाहून जाईल, कमी दिलात तर पट्ट्यांमध्ये वाळू घट्ट बसून राहील. घोंगडी मी उगाच नाही सुचवत. जॉर्जिया देशातल्या स्वानेती भागात डोंगरी ओढ्यांत मेंढीची कातडी पसरून सोन्याचे कण धरत.

पन्हळीत अडकलेला माल शेवटी घमेल्यात धुवायचा. नव्या घमेल्याला तेल असतं आणि तेलकट झालेला बारीक कण पाण्यावर तरंगून निघून जातो, म्हणून ते आधी आगीवर तापवून कोरडं करायचं. रेती चाळून घ्यायची. घमेलं पाण्याखाली धरून जोराने हलवायचं, जड ते तळाशी बसू द्यायचं, मगच तिरपं करून वरचा थर सोडायचा. बहुतेक जण हलवण्यात कंटाळा करतात आणि तिरपं करण्यात घाई.

हात बसला की नाही, हे शिशाने तपासावं. मासे धरायच्या जाळ्याला लावतात ते शिसं छिन्नीने तांदळाच्या कणीएवढं तोडा, हातोडीने चपटं करा, दहा तुकडे रेतीत मिसळा. धुतल्यावर दहाच्या दहा परत मिळाले, तर त्याहून जड सोनं तुमच्या हातून सहसा सुटणार नाही. नंतर हात साबणाने धुवा.

आमच्या पाताळगंगा नदीची रेती धुतली की घमेल्यात काळी भुकटी उरते. लोहचुंबक फिरवला की तिच्यातली बरीचशी चिकटते. तेवढंच. आपला डोंगर सुमारे 6.6 कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्ह्याचा, त्यात सोन्याच्या शिरा नाहीत. आपल्या देशात सोनं लागतं ते मुख्यतः त्याहून कितीतरी जुन्या खडकांत, जसं कर्नाटकात हट्टीला किंवा 2001 साली बंद झालेल्या कोलारला. वैनगंगेच्या खोऱ्यात बालाघाटकडे सोनझरा लोक पिढ्यान्‌पिढ्या नदीची रेती धूत आले. आपल्या महाराष्ट्रातले झारेकरी सोनारांच्या दुकानातली धूळ आणि राख धुऊन सोनं वेगळं करत. त्या माणसांच्या हातातली विद्या माझ्या पन्हळीपेक्षा फार मोठी आहे. तिची नोंद शाळांच्या पुस्तकांत व्हायला हवी, असं मला मनापासून वाटतं.

एक गोष्ट मात्र कोणीही करू नये. बारीक कण धरायला पारा वापरू नका. त्याची वाफ मेंदू आणि मूत्रपिंडं बिघडवते. कायदाही लक्षात ठेवा: सोनं हे प्रधान खनिज आहे, 1957 च्या खाण कायद्याखाली परवानगीशिवाय ते काढता येत नाही. नदीतली वाळू उपसायलाही महसूल खात्याची परवानगी लागते.

टाटांच्या खोपोली वीजगृहाचं पाणी पाताळगंगेत सुटतं, म्हणून मुलांना पात्रात उतरवू नका. काठावरची एक घमेलंभर रेती घरी टबात धुवा आणि काम झालं की परत नदीत टाका. आणि "तुमच्या जमिनीत सोनं आहे, यंत्र दाखवतं" असं म्हणत कोणी दारात आलं, तर त्याला एक पैसाही देऊ नका.