बाबांची माटवी: चाळीस किलो पाणी आणि एक उलटी पट्टी

आजचा एपिसोड लाकडाचा आहे. ऐकताना हाताशी एक फूटपट्टी ठेवा, मध्येच लागणार आहे.

आमचं घर कणकवलीजवळच्या एका गावात. बाबा मुंबईतली नोकरी संपवून तीन वर्षांपूर्वी तिथे कायमचे राहायला गेले. रिटायर झाल्यावर पहिलं वर्ष त्यांनी पेपर वाचण्यात घालवलं. दुसऱ्या वर्षी चतुर्थीच्या आदल्या रात्री आमची माटवी मोडली आणि त्यांना काम मिळालं.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो. कोकणात गणपतीच्या डोक्यावर, छताला एक लाकडी चौकट टांगतात, तिला माटवी म्हणतात. गोव्यात तीच माटोळी. तिथे तर कला आणि संस्कृती संचालनालय माटोळी सजावटीची स्पर्धा घेतं. या चौकटीला नारळ, सुपारीची शिपटं, केळ्यांचे फणे, काकडी, कवंडळं, रानातली फुलं असं सगळं बांधतात. पावसाळ्यात आपल्या भागात जे पिकतं, ते देवाच्या डोक्यावर. दिसायला सुंदर, पण वजनाचा विचार केलाय कधी? सोडणासकट एक नारळ सहज किलोभर भरतो. आमच्या माटवीला सगळं मिळून वीस-पंचवीस किलो लागतं. आणि खाली कोण? मूर्ती, समई आणि आरतीला पुढे घुसणारी सगळी लहान पोरं.

त्या रात्री मूर्ती अजून पाटावर बसली नव्हती, म्हणून निभावलं. वाळवीने आतून पोखरलेली पट्टी नारळांसकट खाली आली. बाबा काहीच बोलले नाहीत. बांबू बांधून आम्ही ते वर्ष काढलं.

मग यंदा मे महिन्यात मी सुट्टी घेऊन गेलो, तर पडवीत लाकडाचा भुसा. जुन्या गोठ्याची फणसाची चौकट आणि दार बाबांनी चिरून आणलं होतं. करवत, रंधा, पटाशी आणि गुण्या एवढीच हत्यारं. गावातल्या सुताराकडे महिनाभर बसून शिकले होते. मी म्हटलं, बाबा, दोन दिवसांत उरकू. तर म्हणाले, "घाई कित्याक? लाकूड खंय पळान जाणा नाय."

आता माटवीची रचना ऐका. बाहेरची चौकट पाच फूट बाय चार फूट. आत लांबीच्या दोन पट्ट्या, रुंदीच्या तीन. पट्ट्यांची टोकं चौकटीला नट-बोल्टने. प्रत्येक पट्टी दोन सेंटीमीटर जाड, पाच सेंटीमीटर उंच, आणि ती उभी लावायची, आडवी नाही. का? फूटपट्टी घ्या. आडवी धरून वाकवा, लगेच वाकते. आता कडेवर उभी धरून वाकवून बघा. वाकत नाही! वाकण्याच्या बाबतीत पट्टीची ताकद उंचीच्या वर्गाने वाढते. उंची दुप्पट केली की ताकद चौपट. आणि उलट, उंची अर्धी केली की ताकद पाव.

इथेच खरी गंमत आहे. दोन पट्ट्या एकमेकींना ओलांडतात, तिथे दोघींना अर्धी-अर्धी खाच पाडून एकमेकींत बसवायचं. म्हणजे नेमकं त्या जागी पट्टीची उंची अर्धी. मग ताकद पाव झाली ना? हो, पण खाच कुठल्या बाजूने आहे त्यावर पुढचं सगळं ठरतं. पट्टीला वजन टांगलं की तिची खालची कड ताणली जाते आणि वरची दाबली जाते. खाच वरून असेल तर तिच्यात घट्ट बसलेली दुसरी पट्टी तो दाब काही प्रमाणात झेलते. खाच खालून असेल तर ती ताणाने उघडते आणि तिच्या कोपऱ्यातून रेषेरेषेने भेग धावते. म्हणून लांब पट्ट्यांना, ज्या जास्त वाकतात, खाच वरून. आखूड पट्ट्यांना खालून, कारण त्यांना तिथे खाली लांब पट्टीचा आधार असतो.

आणि खाच किती रुंद ठेवायची? मी बरोब्बर मापाची घट्ट पाडत होतो. बाबांनी थांबवलं आणि मध्ये एक व्हिजिटिंग कार्ड सरकवलं. तेवढी फट हवी. पावसाळी हवेत लाकूड फुगतं, पण रेषांच्या आडव्या दिशेने. लांबीत जवळजवळ नाहीच. खाचेची रुंदी ही त्या पट्टीच्या लांबीत मोजली जाते, म्हणून ती तेवढीच राहते. तिच्यात बसणाऱ्या पट्टीची जाडी मात्र वाढते. मे महिन्यात घट्ट बसवलेली माटवी भाद्रपदात जुळणारच नाही. कार्डाएवढी फट ठेवली की पावसाळ्यात ती आपोआप घट्ट होते.

सगळं झाल्यावर परीक्षा. दहा लिटरचे चार कॅन, पाण्याने भरलेले. म्हणजे चाळीस किलो, नेहमीच्या वजनाच्या दीडपटीहून जास्त. जुळवून टांगायचं काम माझ्याकडे होतं. मी मोठ्या ऐटीत टांगली. कॅन लावले. तासाभराने कट् असा आवाज आला. एका लांब पट्टीला खाचेच्या कोपऱ्यातून वीतभर भेग.

बाबांनी वर पाहिलं. "उलटी टांगलंस मरे."

तेच लाकूड, तीच खाच, फक्त वरची बाजू खाली! पट्टी बदलायला त्यांना तीन दिवस लागले. एका शब्दाने रागावले नाहीत. पण त्यानंतर त्यांनी पटाशीने प्रत्येक पट्टीवर आकडा कोरला, आणि वरच्या कडेला बाण. पेन्सिलने का नाही, विचारलं तर म्हणाले, पुसली जाते. मग थोड्या वेळाने, रंधा पुसता पुसता, "माज्याबिगर जुळाक व्हयी."

तेव्हा माझ्या लक्षात आलं की हे आकडे त्यांच्यासाठी नव्हतेच. त्यांना सगळं पाठ आहे. ते माझ्यासाठी होते. सरळ टांगलेल्या माटवीने मग चाळीस किलो रात्रभर धरले, सकाळी कुठेही भेग नाही.

चतुर्थीच्या आदल्या दिवशी बाबा पडवीत खुर्ची टाकून बसले आणि आत आलेच नाहीत. मी एकट्याने माळ्यावरून पट्ट्या काढल्या, आकडे जुळवले, बाण वर केले. बोल्ट आवळायला पाना लागला, बाबा लागले नाहीत. मग बाहेर जाऊन म्हटलं, बघा जरा. ते आले, एक पट्टी हाताने हलवून बघितली, आणि पहिला नारळ बांधायला घेतला.

तुमच्याही घरी कुणीतरी असं काहीतरी करत असेल. यंदा फोटो काढून थांबू नका, सुट्ट्या होतात तेव्हा एकदा स्वतः जुळवून बघा. चुकलात तरी चालेल. फक्त आधी पाण्याचे कॅन टांगा, नारळ नंतर.

चला, भेटू पुढच्या एपिसोडमध्ये. काळजी घ्या!