विद्यार्थ्यांची लेखणी आणि घरची बोली

नांदेड व लातूर या दोन जिल्ह्यांतील महाविद्यालयांत पावसाळा ओसरू लागला म्हणजे युवक महोत्सवाची गडबड सुरू होते. गायन, वादन व वक्तृत्व यांच्या जोडीला तेथे एकांकिका, प्रहसन आणि मूकाभिनय यांच्याही स्पर्धा असतात. आणि एकांकिका आणावयाची कोठून, हा प्रश्न दरवर्षी नव्याने उभा राहतो. पुण्यामुंबईकडे गाजलेली एखादी संहिता घ्यावी, हा सोपा मार्ग. बहुतेकजण तोच पत्करतात. परंतु वर्गातील एखादा मुलगा किंवा मुलगी ‘आपणच लिहू’ असे म्हणून वही उघडते, तेव्हा जे घडते ते साहित्याच्या अभ्यासकाने अवश्य पाहावे अशा योग्यतेचे असते.

पहिल्या खर्ड्यात जे उतरते ते बहुधा नाटक नसून निबंध असतो. पात्रांना नावे दिलेली असतात, कंसात ‘रागाने’, ‘दुःखाने’ अशा सूचना असतात. पण बोलतात ती सारी एकाच तोंडाने, आणि ते तोंड असते पाठ्यपुस्तकाचे. शेतावरचा सालगडी धन्याला म्हणतो, “मालक, माझ्या श्रमांचे योग्य मूल्य आपण मला दिलेले नाही.” लिहिणाऱ्याचा बाप कदाचित स्वतः सालगडी असेल. बापाच्या तोंडून असले वाक्य त्याने जन्मात ऐकलेले नसते, तरीही तो ते लिहितो. कारण कागदावर उतरण्यास योग्य ती हीच भाषा, अशी त्याची प्रामाणिक समजूत झालेली असते.

या समजुतीचा दोष एकट्या विद्यार्थ्याच्या माथी मारणे न्यायाचे होणार नाही. मराठवाडा १७ सप्टेंबर १९४८ पर्यंत निजामाच्या राज्यात होता. हैदराबादचे उस्मानिया विद्यापीठ १९१८ साली निघाले, ते उर्दू माध्यमाचे. वरच्या वर्गांतील शिक्षणाचा आणि कचेरीचा व्यवहारही उर्दूतच चाले. मराठी उरली ती घरात, बाजारात व भजनात. १९२१ साली निघालेल्या हिप्परग्याच्या राष्ट्रीय शाळेसारख्या संस्थांनी, जेथे पुढे स्वामी रामानंद तीर्थ मुख्याध्यापक झाले, मराठीतून शिकविण्याचा हट्ट धरला, तो त्या काळी लहान नव्हता. बी. रघुनाथ यांच्यासारख्या लेखकाने सरकारी नोकरी सांभाळून मराठीत कथा, कविता व कादंबऱ्या लिहिल्या, त्या याच वातावरणात. पुढे १९५० साली नांदेडला पीपल्स कॉलेज निघाले, १९५८ साली औरंगाबादेस मराठवाडा विद्यापीठ झाले, १९९४ साली नांदेडला स्वतंत्र विद्यापीठ आले. शिक्षण मराठीत आले खरे. पण ज्या पुस्तकांतून आले ती गोदाकाठची नव्हती. त्यामुळे उर्दूपुढे जी बोली दबून होती, ती आता ‘शुद्ध’ मराठीपुढे दबली.

आणि ही बोली काही दरिद्री नव्हे. ‘काय करलालास?’ असे विचारणारा मनुष्य नांदेड-लातूरकडचा, हे जाणत्याला तत्काळ उमगते. जमिनीच्या कागदाला येथे ‘खासरा’ म्हणतात, जुनी माणसे महसुली अंमलदाराला अद्याप ‘गिरदावर’ म्हणून ओळखतात. हे निजामी अमदानीचे देणे. देगलूर, बिलोली, धर्माबादकडे बोलण्यात तेलुगूचा हेल येतो. उदगीर-निलंग्याकडे बिदर जवळ असल्याने कानडी ऐकू येते. किनवट-माहूरच्या तांड्यांवर गोरमाटी बोलली जाते. एकाच वर्गातील चाळीस मुलांच्या घरी मिळून चार-पाच भाषा असाव्यात आणि त्यांच्या नाटकात मात्र एकच असावी, हे चमत्कारिक आहे.

मात्र बोली म्हणजे पोशाख नव्हे. ‘नाही’च्या जागी ‘न्हाई’ घातले की संवाद जिवंत झाला, असे समजणारा विद्यार्थी पहिल्यापेक्षा फारसा पुढे गेलेला नसतो. सालगड्याचेच उदाहरण घ्यावे. सालगड्याचे वर्ष गुढीपाडव्याला सुरू होते व पाडव्यालाच संपते. त्या दिवशी नवी बोली ठरते, किंवा गडी दुसरा धनी पाहतो. आता माघातल्या एखाद्या संध्याकाळी बैलांना वैरण टाकता टाकता गडी सहज विचारतो, “मालक, औंदा पाडवा कवा हाय?” एवढेच वाक्य. मजुरीचा उच्चार नाही, श्रमांचे मूल्य नाही. पण हा सोडून जाण्याच्या विचारात आहे, हे धन्याच्या ध्यानात येते, आणि धनीही न समजल्यासारखे दाखवून म्हणतो, “लांब हाय की अजून.” येथे नाटकास आरंभ झाला. दोघेही जे बोलले नाहीत ते प्रेक्षकाला ऐकू आले. ही युक्ती पुस्तकी मराठीत साधत नाही असे नव्हे. पण ज्या घरात पाडव्याची ती तारीख वर्षभर डोक्यावर टांगलेली असते, त्या घरच्या मुलालाच हे वाक्य प्रथम सुचते. ते इतके सामान्य वाटते की तो ते लिहीत नाही, एवढीच अडचण!

दुसरी अडचण अधिक कठीण आहे. शहरी रंगभूमीवर व चित्रपटांत ग्रामीण बोली पुष्कळ वेळा हशा पिकविण्यासाठीच वापरली गेली. परिणाम असा की, विद्यार्थ्याने आपल्या आजीचा शोक आजीच्याच शब्दांत लिहिला, तर पहिल्या दोन वाक्यांना प्रेक्षागृहात हसे फुटते. मुलगी रंगमंचावर रडत असते व समोरचे लोक हसत असतात. हे हसे तिसऱ्या वाक्यापर्यंत टिकू न देणे हे नटीचे काम. परंतु त्या भीतीने आजीला पुस्तकी बोलायला लावणे, हा लेखकाचा पळपुटेपणा होय.

पीपल्स कॉलेजात ज्यांनी अध्यापन केले व पुढे त्याचे प्राचार्यपद भूषविले, त्या नरहर कुरुंदकरांचा (१९३२–१९८२) दाखला येथे देण्याजोगा आहे. इंटरमीजिएटच्या परीक्षेत ज्यांच्या पदरी अपयश आले, त्याच गृहस्थांनी ‘धार आणि काठ’मध्ये मराठी कादंबरीची चिकित्सा केली आणि भरताच्या नाट्यशास्त्राचाही कसून विचार केला. परीक्षा आणि प्रज्ञा यांची गाठ पडतेच असे नाही, हे नांदेडकरांना दुसऱ्या गावाकडून शिकावयास नको.

नाट्यलेखनाचा प्रत्यक्ष धडा मात्र त्याच नांदेडच्या प्रा. दत्ता भगत यांच्या ‘वाटा-पळवाटा’ या नाटकात अधिक आहे. १९७८ साली मराठवाडा विद्यापीठास डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचे नाव देण्याचा ठराव विधिमंडळाने केला, त्यावर नांदेड-परभणीकडील खेड्यांत दलितांच्या वस्त्या जळाल्या, आणि नामविस्तार होण्यास १४ जानेवारी १९९४ उजाडावे लागले. त्या मधल्या काळातील हे नाटक. त्यात दलित समाजाच्या तीन पिढ्या समोरासमोर येतात: आंबेडकरी चळवळीत मुरलेले वृद्ध काका, विचारी प्राध्यापक सतीश आणि तडकाफडकी निकाल मागणारा तरुण अर्जुन. पाहण्यासारखी गोष्ट ही की, तिघांपैकी कोणाचेही म्हणणे लेखकाने पोकळ ठेवलेले नाही. विद्यार्थ्यांच्या एकांकिकेत एक बाजू सत्याची असते व दुसरी मिशीवर ताव देणाऱ्या खलपुरुषाची. पहिल्या पाच मिनिटांतच निकाल लागलेला असल्याने उरलेली पंचवीस मिनिटे प्रेक्षक जांभया देतो. ज्याचा राग येतो त्याच्याच तोंडी सर्वांत बळकट युक्तिवाद घालणे, हे विशीतल्या लेखकाला जिवावर येते. येणारच. ज्याचे घर जळाले त्याच्याकडून जाळणाऱ्याचे मन उलगडण्याची अपेक्षा करणे ही मोठीच मागणी आहे, आणि ती मागणाऱ्या परीक्षकाने आपण कोठे बसून मागतो आहोत, याचे भान ठेवावे.

विषयांची वाण या भागात नाही. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे, गणपती बोळवून लोक निजले असता, किल्लारीच्या परिसरात भूकंप झाला. दगडमातीच्या जाड भिंती व वरची माळवदे कोसळून जवळजवळ दहा हजार माणसे गेली. आजच्या विद्यार्थ्यांचा जन्म त्यानंतरचा. ते लिहितात तेव्हा रंगमंचावर काळोख, गडगडाट व किंकाळ्या असतात. पण भूकंप रंगमंचावर आणता येत नाही. आणता येते ती त्यानंतरची रात्र. समजा, नव्या वसाहतीतील पक्क्या घरात एक म्हातारी आहे, आणि तीस वर्षे लोटली तरी ती छपराखाली निजत नाही. नातसुनेला पावसाळ्यात तिचे अंथरूण आत घ्यावयाचे आहे. एवढ्या एका अंथरुणावर अर्धा तास सहज उभा राहतो. पाण्याचेही तसेच. एप्रिल २०१६ मध्ये मिरजेहून रेल्वेच्या वाघिणींतून लातूरला पाणी आणावे लागले, त्यानंतर दुष्काळावर किती एकांकिका झाल्या असतील! भेगाळलेली भूमी, आकाशाकडे पाहणारा शेतकरी आणि शेवटी दोर. टँकरपुढे रांगेत कोणाची घागर कोणी मागे सारली, आणि त्या दोन घरांत आदल्या महिन्यात सोयरिकीची बोलणी चालली होती, हे मात्र कोणी लिहीत नाही.

संहिता सुधारते ती टेबलाशी नव्हे, तालमीत. विद्यापीठांच्या युवक महोत्सवांत एकांकिकेस तीस मिनिटे व नऊ पात्रे ही मर्यादा असते. नवख्या लेखकास ती जाचक वाटते. वस्तुतः त्याचा खरा गुरू तीच. बावीस पात्रांचे गाव नवांत बसवताना कोण अनावश्यक होते ते कळते. एखादे वाक्य नटाच्या जिभेवर रोज अडखळत असेल, तर दोष जिभेचा नसून वाक्याचा असतो. कोपऱ्यात वही घेऊन बसलेला लेखक आठव्या दिवशी निमूटपणे दोन पाने खोडतो, आणि ही खोडाखोड करण्याचे धैर्य कोणत्याही व्याख्यानाने येत नाही.

घरोघरच्या वडीलधाऱ्यांची तक्रारही ऐकली पाहिजे. लातूर हे परीक्षेतील यशासाठी नावाजलेले शहर. ‘लातूर पॅटर्न’ म्हणून तेथील घोटून घेतलेल्या अभ्यासाची ख्याती महाराष्ट्रभर आहे, आणि वैद्यकीय प्रवेशाच्या तयारीसाठी दूरदूरची मुले तेथे खोल्या घेऊन राहतात. शेत विकून किंवा कर्ज काढून मुलाला पाठविणाऱ्या बापाने ‘नाटक कसले लिहितोस?’ असे विचारले, तर त्याला अरसिक म्हणणे उद्धटपणाचे ठरेल. दहावीच्या मराठीच्या कृतिपत्रिकेत कथालेखन आले, ही गोष्ट चांगली. पण तिचीही तयार उत्तरे बाजारात मिळू लागली, तेव्हा तिच्यावर फार भिस्त ठेवता येत नाही. खोलीत एकटा राहून दिवसाचे बारा तास प्रश्न सोडविणाऱ्या त्या सतरा वर्षांच्या मुलावर मात्र अद्याप चांगली एकांकिका लिहिली जावयाची आहे, आणि ती त्याच्या शेजारच्या खोलीतलाच कोणी लिहू शकेल.

एक व्यवहाराची गोष्ट राहिली. महाविद्यालयांच्या वार्षिकांकांत कविता व लेख छापून येतात. एकांकिका लांब पडते म्हणून सहसा वगळली जाते. स्पर्धा संपली की संहितेची प्रत कधी दिग्दर्शकाच्या पिशवीत, कधी रंगपेटीच्या तळाशी राहते. पुढच्या वर्षी ती मुले पदवी घेऊन पांगतात. कपाटाचा एक खण रिकामा करून तेथे प्रत्येक संहितेची एक स्वच्छ प्रत ठेवावी. तिच्यावर लेखकाचे नाव, गाव, पहिल्या प्रयोगाची तारीख व नटांची नावे घालावीत, आणि तालमीत खोडलेली पानेही फेकून न देता मागे टाचून ठेवावीत. या कामी ग्रंथपालाला खर्च येईल तो एका जाड पुठ्ठ्याचा.