हरवळ्याच्या ओहळातली कुर्ली

गोव्यात डिचोली तालुक्यातले साखळीजवळचे हरवळे लोकांना माहीत आहे ते धबधब्यामुळे, रुद्रेश्वराच्या देवळामुळे आणि जांभ्या दगडात कोरलेल्या लेण्यांमुळे. पर्यटक धबधब्यासमोर फोटो काढतात आणि माघारी फिरतात. त्यांनी पाण्याच्या काठाकाठाने जरा खाली उतरून बघावे. ओल्या पाचोळ्यातला एखादा दगड अलगद उचलला की तपकिरी कवचाची कुर्ली दोन्ही नांग्या उगारून मागे सरकते. एक नांगी मोठी, दुसरी लहान. लेणी कोरणारे हात इथे आले त्याच्या कितीतरी आधीपासून तिचा इथे मुक्काम आहे.

अमेरिकेच्या मध्य-पश्चिम भागातल्या ओढ्यात असाच दगड उचलला तर क्रेफिश सापडतो, म्हणजे बोटाएवढी शेवंडच. भारतात मूळचा क्रेफिश नाही. कुजका पाचोळा आणि मेलेले जीव खाऊन ओहळ साफ ठेवण्याचे जे काम तिथे तो करतो, ते आपल्याकडे कुर्ल्या करतात.

समुद्रातल्या कुर्लीची पिले पाण्याबरोबर दूरवर पसरतात. ओहळातल्या कुर्लीचे तसे नाही. तिची अंडी मोजकी आणि मोठी. ती पोटाखालच्या झाकणात सांभाळते, त्यातून थेट इवल्या कुर्ल्याच बाहेर पडतात आणि काही दिवस आईलाच बिलगून राहतात. म्हणूनच सह्याद्रीत काही जाती ठरावीक डोंगरापलीकडे आढळत नाहीत. 'घटियाना' ही त्यांतली एक प्रजाती तर शास्त्राच्या दप्तरी २०१४ मध्ये नोंदली गेली. एखाद्या ओहळातली जात संपली, तर समुद्र ती भरून देत नाही.

नदीतल्या मोठ्या कोळंबीचे नेमके उलटे. ती वाढते गोड्या पाण्यात, पण पिलांना निमखारे पाणी लागते. मादी अंडी घेऊन नदीमुखाकडे उतरते आणि पिले प्रवाहाविरुद्ध वर चढतात. पेडण्याच्या शापोरा, तेरेखोलसारख्या नद्यांत मध्येच बंधारा आडवा आला की ही ये-जा खुंटते.

जून-जुलैत समुद्रातली यांत्रिक मासेमारी बंद असते, तेव्हा गावोगावच्या ताटात ओहळातली कुर्ली येते. पहिल्या पावसात रात्री बॅटऱ्या घेऊन माणसे बाहेर पडतात. कुर्ल्यांच्या रश्श्याची ती चव सोडा असे कोणाला सांगणे मला पटत नाही. फक्त नीट शिजवून खावी, अर्धकच्च्या कुर्लीतून फुफ्फुसाचे कृमी होऊ शकतात.

खरा घात मातीने होतो. डिचोलीच्या खाणींच्या ढिगाऱ्यांवरून लाल गाळ उतरतो आणि दगडांखालच्या फटी बुजवून टाकतो. २०१८ मध्ये थांबलेले खाणकाम आता परत सुरू झाले आहे. खाणपट्ट्यांना परवानगी देताना खालच्या ओहळांची नोंद सक्तीची असायला हवी.

आपल्या हातातलेही काही आहे. या पावसात कुर्ल्या धरायला गेलात तर प्रत्येक कुर्ली उलटी करून बघा. पोटावरचे झाकण निमुळते असेल तर तो नर. रुंद, गोलसर असेल तर ती मादी. तिला तिथेच पाण्यात सोडून द्या.