आयरिश नाटकातील वृद्ध स्त्री : प्रतीक आणि देह

आधुनिक आयरिश रंगभूमीच्या आरंभकाळात वृद्ध स्त्री ही व्यक्ती म्हणून नव्हे, तर प्रामुख्याने प्रतीक म्हणून अवतरते. येट्स व लेडी ग्रेगरी यांच्या 'कॅथलीन नी हूलिहान' (१९०२) या नाटकात लग्नघरी आलेली अनोळखी म्हातारी म्हणजे साक्षात आयर्लंड होय. नवरदेव तिच्या हाकेला ओ देऊन १७९८ च्या उठावात सामील होण्यास निघतो आणि म्हातारी तरुण होते. येथे वार्धक्य हे केवळ आवरण आहे. पहिल्या प्रयोगात ही भूमिका पस्तीस वर्षांच्या मॉड गॉन यांनी केली होती, हेही सूचक आहे. सिंग यांच्या 'रायडर्स टू द सी' (१९०४) मधील मॉऱ्या सर्व मुलगे समुद्रात गमावते. मात्र उरलेल्या दोन मुलींवर पडणाऱ्या भाराचा प्रश्न तिच्या शोकाच्या भव्यतेत मागे पडतो.

बेकेट यांच्या 'एंडगेम' (१९५७) मध्ये ही भव्यता संपते. नॅग व नेल हे पाय गमावलेले आईबाप कचऱ्याच्या डब्यांत राहतात. बिस्किट मिळणे, डब्यातील वाळू बदलली जाणे, हेच त्यांचे प्रश्न आहेत.

मार्टिन मॅकडोना यांच्या 'द ब्युटी क्वीन ऑफ लीनेन' (१९९६) मध्ये या देहाबरोबर त्याची सेवा करणारी व्यक्तीही केंद्रस्थानी येते. सत्तर वर्षांची मॅग व चाळिशीची अविवाहित मॉरीन कॉनेमारातील एका घरात राहतात. दोन बहिणी लग्न होऊन सुटल्या आहेत. कॉम्प्लानमधील गुठळ्या, मोरीत ओतलेले मूत्रपात्र अशा क्षुद्र तपशिलांतून परस्परद्वेष साकारतो. मॉरीनला आलेले प्रियकराचे पत्र मॅग जाळते. मॉरीन तिच्या अंगावर उकळते तेल ओतते व अखेरीस तिचा जीव घेते. मॉरीनला निव्वळ खलनायिका ठरवणारे वाचन अपुरे वाटते. मॅगची भीती खरी आहे: मुलगी गेली तर आपले कोण करणार? मॉरीनची कोंडीही तितकीच खरी आहे. प्रेक्षक हसता हसता दोघींच्याही बाजूने विचार करू लागतो, हे मॅकडोना यांचे सामर्थ्य होय.

शेवटी मॉरीन आईच्याच झुलत्या खुर्चीत बसते. रेडिओवर गाणे लागते: मॅगच्या एकाहत्तराव्या वाढदिवसानिमित्त, दूर असलेल्या दोन मुलींच्या फर्माईशीवरून, महिनाभर उशिरा.