लेखणीवर घर चालवणारी क्रिस्टीन

क्रिस्टीन द पिझान जन्मली व्हेनिसमध्ये, वाढली पॅरिसला. वडील फ्रान्सच्या राजाचे ज्योतिषी. पंचविशीत नवरा गेला. पदरात तीन मुलं, म्हातारी आई, वर नवऱ्याचं थकलेलं येणं वसूल करायला कोर्टाचे हेलपाटे. तिने लेखणीवर घर चालवलं.

१४०१ मध्ये ‘रोमान द ला रोझ’ या लोकप्रिय काव्यातल्या स्त्रीनिंदेवरून तिने राजाच्या सचिवांशी पत्रांतून वाद घातला. खरं धाडस पुढचं: ती पत्रं एकत्र करून तिने थेट राणी इझाबोकडे सोपवली. विद्वानांचं आपसातलं भांडण त्यामुळे चारचौघांत आलं.

मुलींना मुलांसारखं शाळेत घातलं, तर त्याही प्रत्येक विद्या तितक्याच नीट शिकतील, असं तिने १४०५च्या ‘स्त्रियांचं नगर’ या ग्रंथात ठामपणे मांडलं.

स्त्रियांच्या योग्यतेचा हा वाद युरोपात पुढे तीन शतकं धुमसत राहिला.