तासिका तत्त्वावरील अध्यापक आणि शैक्षणिक प्रामाणिकता

आपल्यापैकी कित्येक वैद्य सकाळी स्वतःचे चिकित्सालय सांभाळून दुपारी आयुर्वेद महाविद्यालयात तासिका तत्त्वावर शिकवितात. प्रस्तुत लेखकही त्यांपैकीच एक. नियुक्तिपत्रात तासिका व मानधन यांचा उल्लेख असतो. विद्यार्थ्याचे लेखन उचललेले आहे हे कसे ओळखावे व ओळखल्यावर काय करावे, याविषयी अवाक्षर नसते.

विद्यापीठ अनुदान आयोगाने २०१८ साली वाङ्मयचौर्यास आळा घालण्यासाठी विनियम केले. त्यांतील ‘अध्यापक’ या संज्ञेत नियमित अध्यापकांप्रमाणेच तदर्थ, तात्पुरते व अतिथी अध्यापकही येतात. प्रत्येक सत्रात जागृतीपर कार्यक्रम घेणे संस्थांवर बंधनकारक आहे. तथापि तो कार्यक्रम होतो तेव्हा आपण रुग्ण तपासत असतो, आणि त्या वेळेचे मानधनही मिळत नाही.

प्रबंधातील साम्य १० टक्क्यांपर्यंत असल्यास दंड नाही; ४० पर्यंत असल्यास सहा महिन्यांच्या आत सुधारित प्रत, ६० पर्यंत असल्यास वर्षभर प्रतिबंध, त्यापुढे नोंदणी रद्द. हे आकडे पाठ करणे सोपे आहे. स्थाननिर्देशासह दिलेले संहितेतील श्लोक साम्यात धरले जात नाहीत. परंतु एखाद्या टीकेचा हिंदी अनुवाद मराठीत उतरवून स्वतःचे विवेचन म्हणून दिला, तर ते संगणकाच्या नजरेतून बहुधा सुटते. तेथे मूळ ग्रंथ वाचलेला अध्यापकच हवा.

हस्तलिखित रुग्णपत्रक तर संगणकापर्यंत जातच नाही. काही वर्षांपूर्वी आमवाताची दोन रुग्णपत्रके मजकडे तपासणीस आली. नाडी, जिव्हा, मल, मूत्र यांचे वर्णन शब्दशः एकच. इतकेच नव्हे, तर पुरुष रुग्णाच्या पत्रकात रजःप्रवृत्तीची नोंदही तशीच उतरली होती! मी दोघांचेही गुण कापले व गप्प बसलो. वस्तुतः रुग्ण न पाहताच त्याची नाडी लिहिली गेली होती, आणि कोणी लिहिली हे मी विचारलेसुद्धा नाही. विचारायचे कोणाकडे, हेच मला ठाऊक नव्हते. विनियमांनुसार अशी शंका पुराव्यासह विभागीय समितीकडे द्यावयाची असते. दंड ठरविणे अध्यापकाचे काम नव्हे.

ही शिस्त आपल्याला परकी नाही. अग्निवेशाचे तंत्र चरकाने प्रतिसंस्कारित केले आणि चिकित्सास्थानातील १७ अध्याय, कल्पस्थान व सिद्धिस्थान आपण पूर्ण केल्याचे दृढबलाने संहितेतच नोंदविले. ‘अनुमत’ ही तंत्रयुक्तीही परमत हे परमत म्हणूनच स्वीकारते.

म्हणून सत्रारंभी दोन तासांचे प्रशिक्षण, तेही तासिकेइतकेच मानधन देऊन व सायंकाळी, ठेवावे अशी सूचना आहे. त्यात व्याख्यान कमी असावे. नावे झाकलेली जुनी रुग्णपत्रके समोर ठेवून कोणते कशावरून उतरविले हे अध्यापकांनी शोधावे, आणि समितीला द्यावयाचे पत्र तेथेच लिहून पाहावे.