रक्तवाहिन्यांचे वार्धक्य

आल्फ्रेड नोबेल यांनी नायट्रोग्लिसरीन या स्फोटक द्रवापासून डायनामाइट तयार केले व १८६७ मध्ये त्याचे एकस्व मिळवले. पुढे त्यांना हृदयविकार जडला, तेव्हा डॉक्टरांनी औषध म्हणून सुचवले तेही नायट्रोग्लिसरीनच! १८९६ मधील एका पत्रात नोबेल यांनी दैवाच्या या थट्टेचा उल्लेख केला आहे. त्याच वर्षी त्यांचे निधन झाले. खडक फोडणारा पदार्थ छातीतील कळ कशी थांबवतो, हे त्या काळी कोणालाच सांगता येत नव्हते.

धमनी म्हणजे रक्त वाहून नेणारी निर्जीव नळी, अशी आपली समजूत असते. वस्तुतः धमनीच्या भिंतीत स्नायू असतात व आतल्या बाजूला पेशींचा एकपदरी अस्तर असतो. अमेरिकेतील संशोधक रॉबर्ट फर्चगॉट सशाच्या महाधमनीच्या तुकड्यांवर ॲसिटिलकोलीन या रसायनाचा परिणाम पाहत होते. काही तुकडे सैलावत, तर काही उलट आकसत. शोध घेता असे दिसले, की आकसणाऱ्या तुकड्यांचा अस्तर तयारी करताना घासून निघालेला होता. मग त्यांनी अस्तर नसलेला तुकडा अस्तर असलेल्या तुकड्याला चिकटवून ठेवला, तोही सैलावला. अस्तरातून काहीतरी निघून स्नायूपर्यंत पोहोचत होते. हे निष्कर्ष १९८० मध्ये प्रसिद्ध झाले.

ते ‘काहीतरी’ म्हणजे नायट्रिक ऑक्साइड हा वायू. नायट्रोग्लिसरीनमधून हाच वायू सुटतो, हे फरीद मुराद यांनी १९७७ मध्येच दाखवले होते. फर्चगॉट, मुराद व लुई इग्नारो यांना १९९८ मध्ये वैद्यकशास्त्राचे पारितोषिक मिळाले, तेही नोबेल यांच्याच नावाचे. (भूल देण्यासाठी वापरला जाणारा नायट्रस ऑक्साइड निराळा; नावाच्या साम्यामुळे गल्लत करू नये.)

अस्तरातील पेशी आर्जिनीन या अमिनो आम्लापासून हा वायू बनवतात. तो जेमतेम काही सेकंद टिकतो. पण तेवढ्यात स्नायू सैल होतो, धमनी रुंदावते आणि रक्तबिंबिका भिंतीला चिकटत नाहीत. वय वाढते तसे दुहेरी नुकसान होते. वायूची निर्मिती घटते आणि जो निर्माण होतो, त्यातील बराचसा ऑक्सिजनची अतिक्रियाशील रूपे वाटेतच नष्ट करतात. धमनीतील लवचीक तंतूही झिजतात. परिणामी धमन्या ताठर होतात, रक्तदाबाचा वरचा आकडा चढतो आणि हृदयाला अधिक जोर लावावा लागतो. धूम्रपान व मधुमेह यांमुळे हे वार्धक्य अकाली येते. याउलट, भरभर चालताना रक्ताचा प्रवाह अस्तराला घासत जातो व त्या स्पर्शानेच पेशी अधिक वायू बनवू लागतात. पालक, बीट यांतील नायट्रेटही उपयोगी पडते. तोंडातील जिवाणू त्याचे नायट्राइट करतात व त्यापासून शरीरात हा वायू तयार होतो.

जिभेखाली ठेवायची गोळी हा वायू बाहेरून पुरवते, मात्र बिघडलेला अस्तर दुरुस्त करत नाही. म्हणून ती डॉक्टरांनी दिली असेल तरच घ्यावी आणि गोळी घेऊन पाच मिनिटांत कळ थांबली नाही, तर रुग्णास तत्काळ रुग्णालयात न्यावे.